आमच्या ह्यांना फळं येत नव्हती

मी एक जुनी किवीची वेल आहे, मित्रांनो. जुनी म्हणजे किती, तर माझा बुंधा आता तुमच्या मनगटाहून जाड झाला आहे आणि त्याची साल सुटून लोंबते आहे. एका घराच्या मागच्या अंगणात, धुणं वाळत घालायच्या दोरीशेजारी, लोखंडी मांडवावर मी पसरले आहे. माझी एक फांदी स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत पोचलेली आहे, त्यामुळे घरात काय शिजतं आणि कोण कुणावर चिडतं, हे सगळं मला कळतं. चोरून ऐकते म्हणा हवं तर. दुसरं करू तरी काय दिवसभर?

माझं फळ तुम्ही पाहिलं असेल. तपकिरी, लवदार, बटाट्याला केस आल्यासारखं. "शी, हे काय!" म्हणून नाक मुरडणारी मुलं मला चांगली ठाऊक आहेत. तेच फळ मधोमध कापून आतला हिरवा गर दाखवला, की तीच मुलं चमचा घेऊन सरसावतात. असो, माझा कुणावर राग नाही.

पुढचं ऐकण्याआधी एक गोष्ट नीट लक्षात घ्या. आमच्यात नर वेल वेगळा असतो आणि मादी वेल वेगळी असते. मी मादी. फळं मला लागतात. नर वेलाला फुलं येतात, पण फळ मात्र जन्मात एकही येत नाही. असं असलं तरी नराच्या फुलातला पिवळा पराग माझ्या फुलावर पडला नाही, तर माझंही फूल नुसतंच सुकून गळून जातं. बस, एवढंच. एवढी एक गोष्ट त्या घरात सगळ्यांना माहीत असती, तर आज तुमच्यापुढे हे रडगाणं गायची वेळ माझ्यावर आली नसती.

माझ्या शेजारी असाच एक नर वेल होता. मी त्यांना 'आमचे हे' म्हणते. हसू नका. जुन्या बायका नवऱ्याचा उल्लेख असाच करायच्या, आणि मीही जुनीच आहे. शिवाय त्यांना दुसरं नाव होतंच कुठे?

आमचा जन्म एका रोपवाटिकेत झाला. काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांमध्ये आम्ही शेजारी शेजारी उभे होतो, एकेका बांबूच्या काडीला बांधलेले. तिथे एक दिवस एक शिंपी आला. गळ्यात मोजपट्टी तशीच लोंबत होती. दुकानातून उठून थेट आला असावा. सगळे त्याला मास्तर म्हणायचे, तेव्हा मीही मास्तरच म्हणते. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"ही द्या."

रोपवाटिकेच्या बाई म्हणाल्या, "एकटी नेऊ नका, काका. हिचा जोडीदारही न्या. नाहीतर फुलं मोजत बसाल, फळ काही मिळायचं नाही."

"म्हणजे हुंडा उलटाच की," मास्तर हसून म्हणाले, "नवरीबरोबर नवराही आपणच न्यायचा!"

अशी आमची वरात निघाली, सायकलच्या दोन हँडलांना दोन पिशव्या अडकवून. वाटेत खड्डा आला की आम्ही एकमेकांवर आपटत होतो. ओळख झाली ती तशी.

घरी आल्यावर मास्तरांनी गळ्यातली मोजपट्टी काढली आणि अंगण असं मोजलं, जणू अंगणाला कोट शिवायचा आहे. दोघांमध्ये चांगलं अंतर ठेवून खड्डे खणले. ओळखीच्या वेल्डरकडून जुन्या नळांचा मांडव करून घेतला, वर तारा ताणल्या. आम्हाला आधाराला बांधायला त्यांनी सुतळी वापरली नाही. सुतळी सालीत रुतते म्हणायचे. दुकानातल्या कापडाच्या पट्ट्या आणून सैलसर गाठी मारल्या. माझ्या अंगावर फुलाफुलांच्या झग्याचं कापड आलं आणि ह्यांच्या वाट्याला शाळेच्या गणवेशाचं. ह्यांना ते अजिबात शोभत नव्हतं, पण तक्रार करायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

सगळ्यात जास्त छळलं ते मांजरांनी. तुम्हाला गंमत वाटेल, पण आमच्या वासाने मांजरं वेडी होतात. गल्लीतली सगळी यायची, आमच्या बुंध्याला अंग घासायची, कोवळी पानं चावायची आणि मग पाय वर करून लोळायची. मास्तर चप्पल घेऊन धावायचे. शेवटी आमच्याभोवती जाळी लावली, तेव्हा कुठे आम्ही वाढायला लागलो.

वाढलो म्हणजे नुसतेच वाढलो. पहिलं वर्ष गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं, फुलाचं नाव नाही. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणायच्या, "मास्तर, मांडव छान झाला हो. चादरी वाळत घालायला." मास्तर काही बोलायचे नाहीत. बोलणार कसे? त्यांच्या तोंडात कायम टाचण्या असायच्या. दोन ओठांत टाचण्यांची रांग धरायची आणि एकेक काढून कापडाला लावायची, अशी त्यांची कामाची रीत. काम चालू असताना कुणी काहीही विचारलं तरी उत्तर एकच, "हं." या रीतीची त्यांना इतकी सवय झाली होती की तोंड रिकामं असतानाही काम करताना ते बोलत नसत. कुणाला काही शिकवायचं झालं तरी, "बघ आणि शीक," एवढंच. बघायला मात्र कुणाला वेळ नव्हता.

मग एका वसंतात आम्ही दोघंही फुललो. माझी फुलं पांढरी, मधोमध बारीक पांढऱ्या काड्यांची चांदणी. ह्यांची फुलंही पांढरी, पण मधे नुसता पिवळाधमक पराग. आमच्या फुलांत मध नसतो, त्यामुळे मधमाश्या आल्या तर आल्या, नाहीतर पाठ फिरवून चालत्या झाल्या. ते ओळखून मास्तरच माशी झाले. भल्या सकाळी, घरातली माणसं पांघरुणात असताना, ते स्टूल घेऊन यायचे. ह्यांची फुलं तोडायचे, देठ ओठांत धरायचे, अगदी टाचण्या धरतात तसे, आणि एकेक फूल काढून माझ्या फुलांवर हळूच फिरवायचे. एका फुलात माझी पाच-सहा फुलं व्हायची. मग स्टूल जागेवर ठेवून, तोंड धुऊन ते दुकानात जायचे. घरात कुणाला पत्ताही नसायचा.

त्या वर्षी मला पहिली फळं लागली. मास्तरांनी थंडी पडेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. उतरवली ती दगडासारखी कडक, आणि खोक्यात सफरचंदांबरोबर पिकायला ठेवली. काकूंना मात्र कुठला धीर! कुंपणावरून एक तोडलं आणि तसंच चावलं. त्यांचं तोंड जे वाकडं झालं, ते मास्तरांच्या सुनेच्या हसण्याने जास्तच वाकडं झालं. पण खोक्यातली फळं पिकून मऊ झाली आणि मास्तरांनी गल्लीत वाटली, तेव्हा याच काकू पुन्हा वाडगा घेऊन आल्या.

काय सांगू मित्रांनो, किती कौतुक झालं माझं! लोक मुद्दाम बघायला यायचे. मांडवाखाली उभं राहून वर बघायचे आणि "वा, वा" करायचे. मग कुणीतरी ह्यांच्या बाजूला बोट दाखवायचं. "आणि हिला कशी नाही लागली फळं? ही काय शोभेची?"

मास्तरांच्या तोंडात टाचण्या. "हं."

मला इतका राग यायचा! अहो, ह्यांच्यामुळे तर माझी ओटी भरलेली, आणि ऐन सोहळ्यात त्यांनाच कुणी विचारत नव्हतं. हे मात्र शांत. मांडवाच्या मध्यावर आमच्या फांद्या एकमेकींत इतक्या गुंतल्या होत्या की कुठली कुणाची, ते आम्हालाही सांगता आलं नसतं. तिथे ह्यांची एक फांदी माझ्या फांदीला वेढा घालून बसलेली असायची. मला तेवढं पुरे होतं.

असे बरेच सुखाचे सीझन गेले. दर थंडीत मास्तर आमची छाटणी करायचे, आणि दर वसंतात पहाटेचं ते स्टूल यायचं. आता हातात फळ आलं की लोक मागची मेहनत विचारत नाहीत. मास्तरांचा मुलगा गाडीवर माल पोचवायचा, उशिरा यायचा, उशिरा उठायचा. सून घर सांभाळून दुकानात काजं-बटणं करायची. दोघंही जिवाला जीव देणारी, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते ऐकून तुम्ही त्यांना नावं ठेवाल. ठेवू नका.

एका थंडीत, फळं उतरवून झाल्यावर, मास्तर दुकानात मशीनवर बसल्या बसल्या कलंडले. पक्षाघात. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा ते चाकांच्या खुर्चीत होते. खिडकीतून मला डॉक्टरीणबाईंचं बोलणं ऐकू आलं. त्या म्हणत होत्या, "त्यांना समजतं सगळं. पण बोलायला गेलं की एकच शब्द बाहेर येतो. अशा आजारात होतं असं कधीकधी. शब्दावर जाऊ नका, डोळ्यांकडे आणि हाताकडे बघत जा."

तो शब्द होता 'बरं.'

चहा हवा का? बरं. पंखा बंद करू का? बरं. पाठ दुखते का? बरं. मनात 'हो' असलं तरी बरं, मनात 'नको' असलं तरी बरं. पहिले काही दिवस मुलगा त्यांच्या डोळ्यांत बघून ओळखायचा. पुढे रोजच्या धावपळीत ते मागे पडलं. माणसाची सवय असते, कानाने ऐकलं ते खरं धरायचं.

तो हिवाळा सरत आला आणि आमची छाटणी राहून गेली. मुलाच्या ते लक्षात आलं. बिचाऱ्याने मनावर घेतलं की बाबांची वेल आता आपण सांभाळायची. रोज जेवताना मोबाइलवर छाटणीचे व्हिडिओ बघायचा. त्यात कुणीतरी सांगितलं, फळ न देणाऱ्या फांद्या काढून टाका, म्हणजे सगळा जोर फळणाऱ्या फांद्यांना मिळतो. हे काही खोटं नाही. पण त्याने ते फांद्यांवरून उचललं आणि वेलीला लावलं.

सुट्टीच्या दिवशी तो करवत घेऊन अंगणात आला. बाबांना बघता यावं म्हणून खुर्ची ढकलत दारात आणली, पायांवर शाल घातली. किती प्रेमाने घातली, मी बघत होते ना!

"बाबा, ही बिनफळाची वेल काढून टाकतो. इतकी वर्षं नुसतं खत-पाणी खातेय. सगळा जोर हिला मिळू दे, पुढच्या वर्षी दुप्पट फळं बघा तुम्ही. चालेल ना?"

मास्तरांचे डोळे विस्फारले. "बरं!" ते म्हणाले. मग मोठ्याने, "बरं! बरं! बरं!" डावा हात खुर्चीच्या दांडीवर आपटत होता. शाल खाली पडली. तोंडातून लाळ आली, घाम आला, आणि शब्द मात्र तोच.

मुलगा आत बघून म्हणाला, "अगं बघ, बाबा किती खूश झालेत! किती दिवसांनी एवढे बोलले."

मी ओरडले, मित्रांनो. मला तोंड असतं तर गल्ली गोळा झाली असती. थंडीत माझ्या अंगावर पानंही नव्हती, नाहीतर निदान सळसळले तरी असते. एक नागडी वेल आणि एक मुका म्हातारा, दोघांना सगळं ठाऊक, आणि दोघांपैकी एकालाही करवतीवरचा हात धरता येत नव्हता.

ह्यांचा बुंधा जमिनीलगत कापला गेला. मग मुलाने वरच्या फांद्या ओढायला सुरुवात केली, पण त्या माझ्यात गुंतलेल्या. एकेक सोडवताना माझीही साल निघाली. ती शेवटची, वेढा घातलेली फांदी सुटता सुटेना, तेव्हा त्याने तिचे तुकडे केले. मला काही होऊ नये म्हणून किती जपून केले! मला त्या जपण्याचा काय उपयोग होता?

तोवर थंडी सरून आमच्यात रस चढायला लागला होता. त्यामुळे ह्यांच्या कापलेल्या बुंध्यातून पाणी ठिबकायला लागलं, ते थांबेचना. सून दोन-तीनदा येऊन बघून गेली. "अहो, हे रडल्यासारखं काय चाललंय?" मुलगा म्हणाला, "सुकेल गं." आणि दारात मास्तर मान फिरवून बसले होते. त्या दिवशी ते जेवले नाहीत. सुनेला वाटलं, गार वारा बाधला.

वसंत आला. मी फुलले. सगळा जोर मलाच मिळाला होता म्हणा, त्यामुळे कधी नव्हे इतकी फुलले. मांडव पांढरा झाला. मुलगा आनंदाने वेडा झाला, शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. आठवड्याभरात फुलं पिवळी पडली आणि अंगणात सडा पडला. फळ एकही नाही.

मग सुरू झाले सल्ले. काकू म्हणाल्या, दृष्ट लागली. वेल्डर म्हणाला, गंज उतरला असेल मुळांत. कुणी राख टाकायला सांगितली, कुणी ताक. मुलाने सगळं केलं. खताची पोतीच्या पोती आणून ओतली, माझी मुळं जळता जळता राहिली. पाणी इतकं घातलं की चिखल झाला. रोज कामावरून आला की दिवा घेऊन मला बघायचा आणि म्हणायचा, "काय कमी पडतंय गं तुला? बाबांना एक तरी फळ दाखव की." काय कमी पडतंय! अरे बाळा, तूच तर... पण जाऊ दे.

इकडे एक चांगली गोष्ट घडत होती, आणि ती फक्त मला माहीत होती. आमचे हे मेले नव्हते. जमिनीखाली आमची मुळं एकमेकांना लागलेली होती, त्यांच्यातला जीव मला कळत होता. पहिल्याच उन्हाळ्यात त्यांच्या बुंध्याला लाल लाल कोंब फुटले. सुनेने झाडताना ते मोडले, तिला वाटलं तण आहे. पुन्हा फुटले, पुन्हा मोडले. शेवटी रोजची कटकट नको म्हणून तिने त्यावर एक सपाट दगड ठेवला आणि दगडावर कोरफडीची कुंडी. आमच्या ह्यांच्या डोक्यावर कोरफड! एरवी हसले असते मी. पण हे दगडाखाली तग धरून होते. दर वसंतात एक फिकट कोंब दगडाच्या कडेकडेने उजेड शोधायचा. मी मनात म्हणायचे, अजून थोडं, अहो, अजून थोडं.

दुसऱ्या वसंतातही तेच झालं, आणि तिसरा येता येता घरात ठरलं की मांडव काढायचा. यातही वाईट हेतू नव्हता बरं का. सून म्हणाली, "वेल काही फळत नाही आणि पानांचा कचरा मात्र ढीगभर. त्यापेक्षा फरशी घालून घेऊ. बाबांची खुर्ची फिरेल तरी, ऊन मिळेल त्यांना." मुलाने एकदा माझ्याकडे बघितलं आणि हो म्हणाला. त्याने बाबांनाही विचारलं. बाबा काय म्हणाले ते तुम्हाला माहीत आहे.

वेल्डर कापायचं यंत्र घेऊन आला तेव्हा मी पुन्हा फुललेली होते. मास्तरांची खुर्ची अंगणातच होती. माझी एक फांदी खाली झुकली होती, तिच्यावरचं फूल त्यांनी डाव्या हाताने तोडलं. देठ ओठांत धरला. मग तो काढून फूल वर धरलं आणि फांदीवरच्या दुसऱ्या फुलावर फिरवायला लागले. फूल पडलं. त्यांनी दुसरं तोडलं, ओठांत धरलं, पुन्हा तेच. पुन्हा तेच. माझ्या फुलांतला पराग कुचकामी, त्याने काही होत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. ते फळासाठी करतच नव्हते. ते सांगत होते.

सून वेल्डरला चहा द्यायला बाहेर आली आणि कप हातात धरून तशीच उभी राहिली. तिने इतकी वर्षं त्यांच्याशेजारी बसून काजं-बटणं केली होती.

"थांबा हो जरा," ती वेल्डरला म्हणाली. मग आत हाक मारली, "अहो, इकडे या! बाबा टाचण्या धरतात तसं फूल धरतायत. उगाच नाही करत ते. काहीतरी दाखवतायत."

मुलगा म्हणाला, "अगं, त्यांना आता काय..."

"शब्दावर जाऊ नका म्हणाल्या होत्या ना डॉक्टरीणबाई? मग बघा की हाताकडे!"

तिने वेल्डरला परत पाठवलं. माझी फुलांची डहाळी पिशवीत घातली आणि रोपवाटिकेत गेली. परत आली ती चेहरा पाडून. नवऱ्याला अंगणातच सांगितलं, मी ऐकत होते. बाईंनी डहाळी बघून पहिलाच प्रश्न विचारला होता, "आणि नर कुठे आहे?"

मुलगा बाबांच्या खुर्चीसमोर जमिनीवर जाऊन बसला.

"बाबा, तुम्ही तेव्हा नको म्हणत होता ना? ओरडून ओरडून नको म्हणत होता. आणि मी हसत होतो." मोठा बाप्या माणूस, लहान मुलासारखा रडला. मास्तरांनी डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि अगदी हळू म्हणाले, "बरं."

तुम्हाला वाटेल, चला, सगळं नीट झालं. मलाही वाटलं होतं. रोपवाटिकेतल्या नराची फुलं आणून यंदा काम भागवता येईल का, हेही सुनेने विचारलं होतं, पण त्याचा बहर नुकताच संपला होता. यंदाचं साल गेलं. हरकत नाही, मी म्हटलं. आता ह्यांची आठवण झाली आहे, आता कोरफड उचलतील, दगड उचलतील. ह्यांची मुळं जुनी आणि खोल आहेत. एकदा उजेड मिळाला की दोन वर्षांत फुलतील. मास्तर तेवढे दिवस सहज काढतील. मला इतका आनंद झाला की मी खिडकीच्या गजाला आणखी एक वेढा घातला.

पुढच्या सुट्टीला मुलगा रोपवाटिकेतून नवा नर घेऊन आला. काळ्या पिशवीत, बांबूच्या काडीला बांधलेला, चार पानांचा. मास्तरांना आत अंघोळ घालत होते. मुलाला ते बाहेर येण्याआधी लावून ठेवायचा होता, त्यांना अचानक दाखवायचा होता. जागा कुठली निवडावी त्याने? जिथे चूक झाली तीच. "बाबांनी मोजून ठरवलेली जागा आहे," म्हणाला. "तिथेच लावायचा."

त्याने कोरफड उचलली. दगड उचलला. फिकट कोंब लगेच उन्हात आला, दोन वर्षांनी. मुलाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पहार घातली. जुना बुंधा सहजी निघेना, तेव्हा अंगातलं सगळं बळ लावून हलवून हलवून काढला. माझी मुळं ह्यांच्या मुळांना धरून होती, ती तटातट तुटली. बुंधा बाहेर आला तेव्हा आतून पांढरा आणि ओला होता. मुलगा घाम पुसत म्हणाला, "कुजकं लाकूड पण किती चिवट असतं!" आणि कुंपणाबाहेर टाकून दिला.

मग त्याने नव्या रोपाला माती दिली, पाणी दिलं, कापडाच्या पट्टीने सैलसर गाठ मारली. चुकीची भरपाई करणाऱ्या माणसाचा हात कसा असतो ते मी त्या दिवशी पाहिलं. फार हळुवार असतो.

मास्तरांना बाहेर आणलं. त्यांनी रोप बघितलं आणि हसले. पक्षाघातानंतर पहिल्यांदा हसले, अर्ध्या तोंडाने. सून हसली, मुलगा हसला, कुंपणावरून काकू हसल्या. रोप फुलायला चार-पाच वर्षं लागतात, हे त्या क्षणी कुणी बोललं नाही. मास्तरांनी बोटांवर हिशेब केला असावा, कारण हसता हसता ते माझ्याकडे बघून थांबले. कुंपणापलीकडे काय पडलं आहे, ते खुर्चीतून त्यांना दिसत नव्हतं. मला दिसत होतं. तो कोंब संध्याकाळपर्यंत ताठ होता.

मित्रांनो, तुमच्या घरी झाड असेल, वेल असेल, तर माझं एवढं ऐका. वाळलेलं वाटलं तरी आधी नखाने साल खरवडून बघा. आत हिरवं दिसलं तर थांबा. जे फळत नाही ते बिनकामाचं, असं धरून चालू नका. कुणाच्या तरी फळण्यात त्याचा वाटा असेल. आणि घरात कुणाला बोलता येत नसेल, तर त्याच्या जवळ नुसतं बसा, त्याचा हात बघा, घाई करू नका. मुलगा आता रोज तसा बसतो. मास्तर बोटाने दाखवतात आणि तो ओळखतो, कधी चुकतो, पुन्हा विचारतो. बापलेकांचं पुष्कळ बोलणं होतं आता. ते बघून मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू?

नवा पोरगा गुणी आहे. भराभर वाढतो आहे. एक दिवस तो फुलेल, मला फळं लागतील, आणि मांडवाखाली उभे राहून लोक म्हणतील, "वेल आता कशी सुखात आहे!" नवा जोडीदार हवा का, हे मला कुणी विचारलं नाही, मित्रांनो. आणि विचारलं असतं, तरी मी काय करणार होते? थोडी पानं हलवली असती.